मुलांचे साहसपट आणि त्यांतील परमुलूख



मुलांच्या मनाला दूरच्या देशाची ओढ असते, हें सांगावयास कोणा मानसशास्त्रज्ञाची गरज नाहीं. आजीच्या गोष्टींतला राजपुत्र सात समुद्रांपलीकडे जातो. शेजारच्या गांवीं गेल्यानें त्याचें भागत नाहीं. चित्रपटकलेनें ही ओढ फार लवकर ओळखली. निबिड अरण्यें, बर्फाचीं शिखरें, समुद्रांतलीं बेटें, आणि त्यांतून वाट काढणारीं दहा-बारा वर्षांचीं धीट मुलें, अशा चित्रपटांची एक मोठी परंपराच विसाव्या शतकांत निर्माण झाली. त्या जुन्या साहसपटांविषयीं आज आपणांशीं बोलावयाचें आहे; आणि बोलावयाचें आहे तें सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या भूमीवर पाय ठेवून.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास कारण आहे. १९४९ सालीं जुन्या साताऱ्यापासून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा वेगळा झाला, आणि १९६० सालीं त्याचें नांव सांगली असें ठेवण्यांत आलें. कारभाराची वांटणी झाली, पण सह्याद्रीची झाली नाहीं आणि कृष्णेचीहि झाली नाहीं. महाबळेश्वराच्या माथ्यापासून चांदोलीच्या रानापर्यंतचा हा मुलूख पाहिला, म्हणजे साहसाच्या गोष्टीला लागणारें सारें साहित्य निसर्गानें आणि इतिहासानें येथें मांडून ठेवलें आहे असें वाटतें. मग प्रश्न असा उभा राहतो कीं, पडद्यावरचा साहसाचा देश बहुधा दुसराच कां असतो? आणि जो दुसरा म्हणून दाखविला जातो, तो तरी खरोखर कोणता?

आपल्याकडील आरंभ मोठा आशादायक होता. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि १९१९ सालीं ‘कालिया मर्दन’. या दुसऱ्या मूकपटांत बाळकृष्णाचें काम त्यांच्या लहानग्या कन्येनें, मंदाकिनीनें, केलें. कथा पुराणांतली खरी. पण समोर बसलेल्या मुलाला दिसे तें एवढेंच कीं, आपल्याएवढें एक पोर डोहांत उडी घेतें आणि भल्या मोठ्या नागाच्या फणेवर उभें राहतें. साहसपट याहून वेगळा तो काय असतो? पुढें, साताऱ्या-सांगलीला लागूनच असलेल्या कोल्हापुरांत, बाबूराव पेंटर यांनीं १९२३ सालीं हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ काढला. १९२९ सालीं त्याच नगरींत ‘प्रभात’ कंपनी स्थापन झाली. तिच्या पहिल्या मूकपटांत ‘राणीसाहेबा’ हा १९३० सालचा, मुलांना डोळ्यांपुढें ठेवून काढलेला पट होता. त्याच वर्षीं ‘उदयकाल’ निघाला. त्यांत शांताराम यांनीं स्वतः शिवाजीमहाराजांची भूमिका केली. या पटाच्या मूळ नांवांत ‘स्वराज्य’ हा शब्द होता. सरकारी परीक्षकांना तो रुचला नाहीं, आणि नांव बदलावें लागलें.

ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आमच्या डोंगरांत घडणारें साहस त्या काळीं नुसतें साहस म्हणून राहूं शकत नव्हतें. गडावर चढणारा मावळा दिसला कीं सत्ताधाऱ्यांना त्यांत राजकारणाचा वास येई. आफ्रिकेच्या काल्पनिक अरण्यांतल्या वीराला ही अडचण नव्हती. त्यानें वाटेल तितके वाघ-सिंह लोळवावेत, कोणाचें सिंहासन हलत नसे. परका मुलूख मुलांना आवडे हें तर खरेंच. पण तो चित्रपट काढणाऱ्यांनाहि सोयीचा होता.

सांगलीची गोष्ट थोडी निराळी आहे. येथें १८४३ सालीं श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाखालीं विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला, आणि हें नगर मराठी रंगभूमीचें माहेर ठरलें. पुढें बोलपटांचा काळ आला तेव्हां मास्टर दीनानाथ मंगेशकर यांची बलवंत मंडळीहि चित्रपटाकडे वळली, आणि १९३४ सालीं सांगलींतच ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट तयार झाला. रंगभूमीवरून आलेल्या या मंडळींचा भर पद आणि संवाद यांवर असावा, हें स्वाभाविकच. नाटकांतील अरण्य म्हणजे रंगविलेला पडदा. तो गुंडाळला कीं अरण्य संपलें. दाराशींच खरें अरण्य असतांना कॅमेरा तिकडे वळण्यास वेळ लागला, याचें एक कारण या संस्कारांतहि शोधावें लागेल.

खेड्यांतील मुलाला सिनेमा भेटे तो बहुधा जत्रेंत. पुसेगांवचे सेवागिरी महाराज, पालीचा खंडोबा, खरसुंडीचा सिद्धनाथ, अशा देवस्थानांच्या यात्रा म्हणजे माणदेशापासून कृष्णाकांठापर्यंतच्या लोकांचे वार्षिक मेळावे. महाराष्ट्रांतील अशा जत्रांतून मिठाईच्या दुकानांच्या आणि पाळण्यांच्या पलीकडे सिनेमाचा तंबू उभा राही. कनात ठोकलेली, कर्ण्यावरून पुकारा चाललेला, लॉरीवर किंवा लॉरीशेजारीं यंत्र बसविलेलें. प्रेक्षक जमिनीवर बसत, आणि फिल्म तुटली कीं आरोळ्यांनीं तंबू दणाणून जाई. या फिरत्या चित्रपटगृहांच्या अखेरच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनीं ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, आणि २०१६ सालीं कान येथील महोत्सवांत त्याचा खास गौरव झाला. आपल्या जत्रेंतला तंबू जगानें पाहिला, तो असा मोडावयास आल्यावर.

हिंदी साहसपटांत १९३७ सालचा होमी वाडिया यांचा ‘तुफानी टार्झन’ हा एक गाजलेला पट. टार्झन मूळचा अमेरिकन लेखकाच्या कल्पनेंतला. १९३२ सालीं हॉलिवुडमध्यें त्याचा जो प्रसिद्ध बोलपट निघाला, त्याचें आफ्रिकन अरण्य मुख्यतः कॅलिफोर्नियांतलें होतें. खऱ्या आफ्रिकेचीं दृश्यें आधीच्या एका चित्रपटासाठीं घेतलेल्या फिल्मींतून जोडलीं होतीं. हत्तींची मोठी पंचाईत झाली. सर्कशींतून मिळणारे माणसाळलेले हत्ती आशियांतले, म्हणजे आपल्याकडचे. त्यांचे कान लहान. आफ्रिकेच्या हत्तीचे कान सुपाहूनहि मोठे. तेव्हां चित्रपटवाल्यांनीं आमच्या हत्तींना खोटे कान चिकटविले आणि त्यांस आफ्रिकन करून सोडलें! मुलांना ही युक्ति कळली तर तीं पोट धरून हसतील. पण या खोट्या कानांकडे थोडें गंभीरपणेंहि पाहावें, असें मला वाटतें. साहसपटांतील परमुलूख पुष्कळदां असाच असतो: प्राणी एकीकडचे, झाडें दुसरीकडचीं आणि नांव तिसरीकडचें. डिस्ने यांचा १९६० सालचा ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ घ्या. त्याचें चित्रण वेस्ट इंडीजमधील टोबॅगो बेटावर झालें. वाघ आणि हत्ती त्या बेटावर कधींच नव्हते; ते बाहेरून नेऊन सोडण्यांत आले. मुलांना मौज वाटली, यांत शंका नाहीं. पण टोबॅगो बेटाची ओळख मात्र त्यांना झाली नाहीं.

कित्येकदां हा परमुलूख म्हणजे आपलाच देश असे. १९३७ सालचा ‘एलिफंट बॉय’ हा याचा ठळक दाखला. किपलिंगची एक गोष्ट घेऊन रॉबर्ट फ्लॅहर्टी हे दिग्दर्शक म्हैसूर संस्थानांत आले. तेथें महाराजांच्या हत्तीखान्यांत एका माहुताचा पोरका मुलगा त्यांना सांपडला. त्याचें नांव साबू. जन्म १९२४ सालचा. या मुलाला कोणी अभिनय शिकविला नव्हता, पण हत्तीवर बसण्याची त्याची ऐट कोणा नटाला साधणारी नव्हती. उरलेलें काम झोल्टान कोर्डा यांनीं इंग्लंडांत पुरें केलें, आणि त्याच वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत दिग्दर्शनाचें पारितोषिक या चित्रपटाला मिळालें. इंग्लंड-अमेरिकेंतील मुलांच्या दृष्टीनें कावेरी-कपिलेच्या खोऱ्यांतलें तें रान म्हणजे अद्भुत परदेश होता. आणि साबूच्या दृष्टीनें तें घरामागचें अंगण होतें. एकच भूमि, पण कोण पाहतो यावर तिचें नांव बदलतें.

पुढें साबू इंग्लंडांत आणि मग अमेरिकेंत गेला. १९३८ सालीं त्याचा ‘द ड्रम’ आला. वायव्य सरहद्दीवरील लोकांचें त्यांतलें चित्र येथील लोकांना अपमानकारक वाटलें, आणि मुंबईंत त्याविरुद्ध निदर्शनें झालीं. १९४२ सालीं तो ‘जंगल बुक’मध्यें मोगली झाला. मोगलीचें रान शिवनीच्या परिसरांतलें, वैनगंगेच्या कांठचें. हीच वैनगंगा पुढें आमच्या भंडाऱ्यावरून वाहते. पण चित्रपटांतली वैनगंगा कॅलिफोर्नियांत होती. खऱ्या रानांतला मुलगा खोट्या रानांत नेऊन उभा केला, असा हा प्रकार. महायुद्धांत साबू अमेरिकन विमानदळांत तोफची म्हणून लढला, १९४४ सालीं अमेरिकेचा नागरिक झाला, आणि १९६३ सालीं, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षीं, वारला. ज्या मुलानें साऱ्या जगाला हिंदुस्थानचें अरण्य दाखविलें, त्याला स्वतःला तें अरण्य पुन्हा अंगणासारखें लाभलें नाहीं.

एवढें ऐकल्यावर कोणी म्हणेल कीं, मग हे परदेशी साहसपट सगळेच खोटे. तसें नाहीं. खोटे कान न लावतां काढलेल्या एका चित्रपटाची हकीकत सांगितली, म्हणजे माझें म्हणणें स्पष्ट होईल. इंग्लंडांत मुलांसाठीं शनिवारीं सकाळीं खास खेळ होत असत. त्या खेळांत मोठ्यांचे जुने पट दाखविण्याऐवजीं मुलांसाठींच नवे पट काढावे, अशा हेतूनें चित्रपटव्यवसायांतले धनिक जे. आर्थर रँक यांनीं १९४४ सालीं एक विभाग उघडला आणि तो मेरी फील्ड या विदुषीकडे सोंपविला. याच कार्यांतून पुढें १९५१ सालीं ‘चिल्ड्रेन्स फिल्म फाउंडेशन’ ही संस्था उभी राहिली. रँक यांच्या विभागासाठीं राल्फ स्मार्ट यांनीं ऑस्ट्रेलियांत जाऊन ‘बुश ख्रिसमस’ हा चित्रपट केला; तो १९४७ सालीं निघाला. कथा साधी आहे. चोर घोडे पळवितात, आणि पांच मुलें त्यांच्या मागावर डोंगरांत शिरतात. त्यांत एक आदिवासी मुलगा आहे. शिदोरी संपते तेव्हां रानांत काय खावें आणि कसें निभावावें, हें त्याला ठाऊक असतें, कारण रान त्याचें आहे. राजवाडा नाहीं, खजिना नाहीं, पैदा केलेला वाघ नाहीं. आहेत ते ऑस्ट्रेलियांतले खरे डोंगर, ऐन उन्हाळ्यांत येणारा तेथला नाताळ, आणि बरागोरांग नांवाची एक खोल, सुंदर दरी.

ती दरी आज दिसत नाहीं. सिडनी शहराला पाणी हवें होतें; वारागांबा धरण १९६० सालीं पुरें झालें आणि बरागोरांगची दरी जलाशयाखालीं गेली. तेथील शेतें, वाटा, कुंपणें, सारें बुडालें. पण त्या तेवढ्या चित्रपटांत ती दरी अजून उन्हांत उभी आहे, आणि पांच मुलें तीमधून धांवत आहेत. मुलांच्या करमणुकीसाठीं घेतलेलीं तीं दृश्यें आतां इतिहासाचें साधन झालीं आहेत.

सातारकरांना ही कथा ऐकतांना दुसऱ्या एका दरीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. कोयना महाबळेश्वरीं उगम पावते, सह्याद्रीच्या दोन रांगांमधून दक्षिणेस वाहते, हेळवाकापाशीं पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. या नदीवर १०३ मीटर उंचीचें धरण १९६४ सालीं पुरें झालें. महाराष्ट्राला त्यानें वीज दिली. त्याचें महत्त्व कोणी नाकारणार नाहीं. पण सुमारें ५० किलोमीटर लांबीच्या शिवसागर जलाशयानें एक सबंध खोरें आपल्या पोटांत घेतलें. अनेक गांवें पाण्याखालीं गेलीं. माणसें देव, गुरें आणि आठवणी घेऊन दूरदूर वसण्यास गेलीं. त्यानंतर तीन वर्षांनीं, ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे, कोयनानगरला भूकंपानें हादरविलें आणि दीडशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. बरागोरांगइतकीच ही दरीहि देखणी होती. तिच्या वाटांवरून घोडेचोरांचा माग काढणारीं पांच मुलें कोणा दिग्दर्शकानें १९५० च्या सुमारास धांवविलीं असतीं, तर विस्थापितांच्या नातवंडांना आज आपल्या आजोळचा ओढा आणि पाणवठा डोळ्यांनीं दाखवितां आला असता. दैवाचा योग असा कीं, कोयनेचें धरण पुरें झालें त्याच १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. चित्रें जतन करण्याचें घर उभें राहिलें. पण मुळांत चित्रच घेतलेलें नसेल, तर तें घर तरी काय करील?

बरें, या खोऱ्यांत साहसाची उणीव होती असेंहि नाहीं. वासोटा किल्ला पाहा. पूर्वीं तेथें दाट जंगलांतून पायवाटेनें जात. आज बामणोलीहून होडीनें जलाशय ओलांडून जावें लागतें. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमींत हंटर आणि मॉरिसन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना या किल्ल्यावर कैदेंत ठेवलें होतें. साताऱ्याच्या राजघराण्यांतील माणसेंहि तेथेंच अडकवून ठेविलेलीं होतीं. एप्रिल १८१८ मध्यें इंग्रजांनीं किल्ला घेतला तेव्हां त्यांची सुटका झाली. स्टीव्हन्सनच्या किंवा व्हर्नच्या हातीं एवढी हकीकत लागती, तर तिची कादंबरी झाली असती आणि कादंबरीचा चित्रपट.

आमच्याकडे या दिशेनें प्रयत्न झालेच नाहींत, असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. १९५५ सालीं पंडित नेहरूंच्या प्रेरणेनें बालचित्रपट-समिति स्थापन झाली. पंडित हृदयनाथ कुंझरू हे तिचे पहिले अध्यक्ष. तिचा पहिला चित्रपट केदार शर्मा यांचा ‘जलदीप’. मुलें आणि दीपगृह, असा त्याचा विषय. १९५७ सालीं व्हेनिसच्या बालचित्रपट-महोत्सवांत त्याला पारितोषिक मिळालें. ही संस्था २०२२ सालीं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन करण्यांत आली. मराठी वाङ्मयांत भा. रा. भागवत यांनीं ज्यूल व्हर्नच्या कथा मुलांसाठीं मराठींत आणल्या, आणि त्याबरोबरच फुरसुंगीचा फास्टर फेणेहि निर्माण केला. परदेशचा समुद्र दाखवून ते थांबले नाहींत. आपल्या गांवचा, आपल्या सायकलवरचा एक काटकुळा पोरगाहि त्यांनीं वीर म्हणून उभा केला. १९८० च्या दशकांत त्या फेणेची दूरदर्शनवर मालिका झाली, आणि २०१७ सालीं तरुण झालेल्या फेणेचा चित्रपट निघाला.

इकडे साताऱ्याच्या भूमीकडेहि कॅमेरे वळले, आणि मोठ्या संख्येनें वळले. वाईचे घाट आणि मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आज देशभर ओळखीचे झाले आहेत. पण कोणत्या नांवानें? २००३ सालच्या ‘गंगाजल’मध्यें वाई ही बिहारांतली एक नगरी झाली. २००४ च्या ‘स्वदेस’मध्यें मेणवली उत्तरेकडील एक खेडें झालें. २०१० च्या ‘दबंग’मध्यें वाईनें पुन्हा उत्तर प्रदेशाचा वेष घेतला. हे चित्रपट मुलांचे नव्हेत, आणि त्यांच्या गुणदोषांशीं आपल्याला येथें कर्तव्य नाहीं. व्यवसायाच्या दृष्टीनें यांत कांहीं वावगेंहि नाहीं. गांवाला चार पैसे मिळाले. परंतु त्या हत्तींचे खोटे कान आठवतात. आमची कृष्णा पडद्यावर आली, ती दुसऱ्या नदीचें नांव घेऊन. २००७ सालच्या ‘तारे जमीं पर’ या मुलाच्या कथेचें चित्रण पांचगणीच्या एका शाळेंत झालें, हें त्यांतल्या त्यांत समाधान. त्यांत निदान एका मुलाच्या मनाचा मुलूख तरी खरा होता.

मुलांनीं परदेशचे साहसपट पाहूं नयेत, असें मी म्हणत नाहीं. अवश्य पाहावे. घराबाहेरचें जग विशाल आहे, हें लहानपणींच कळलेलें बरें. पण ज्या मुलाला झर्मट आणि टोबॅगो ठाऊक आहे आणि वासोटा ठाऊक नाहीं, त्याच्या मनांत नकळत एक समजूत रुजते. साहस नेहमीं दुसरीकडे घडतें; आपल्या गांवीं घडतात तीं फक्त कामें. ही समजूत मोठेपणीं सहसा पुसली जात नाहीं. डोंगर उजाड झाला, नदी आटली किंवा दरी बुडाली, तरी अशा माणसाला फारसें वाटत नाहीं, कारण ती भूमि त्यानें कधीं गोष्टीची भूमि म्हणून पाहिलेलीच नसते.

२०१० सालीं कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चारहि जिल्ह्यांना त्याची सीमा लागते. पैदा केलेल्या वाघाची येथें जरूरी नाहीं. हत्तीला कान लावण्याचीहि नाहीं. शिराळ्याच्या किंवा जावळीच्या शाळेंतलीं पांच मुलें घ्यावीं, त्यांत ज्याचें रान आहे असें एक मूल असावें, आणि कथेंत गांवाचें नांव आहे तेंच ठेवावें. जो चित्रपट आपल्या भूमीला तिच्या खऱ्या नांवानें हांक मारील, तो तिला जपूनहि ठेवील. कोयनेच्या बुडालेल्या वाटा आतां पडद्यावर येणार नाहींत. ज्या वाटा अजून पाण्याबाहेर आहेत, त्यांच्यासाठीं वेळ गेलेली नाहीं.